तोरणमाळच्या मुक्कामात वरण-बट्टी करायची असेल, तर निघण्यापूर्वीची तयारी

गेल्या पौषात आम्ही आठ जण सातपुड्यातल्या तोरणमाळला एका परिचिताच्या शेतात तंबू ठोकून दोन रात्री राहिलो आणि पहिल्याच रात्री वरण-बट्टीचा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा आणि वरणाचा, बेत केला. बट्ट्या उत्तम भाजल्या गेल्या, तूप घरचे होते, वांग्यांची घोटलेली भाजीसुद्धा जमली; वरण मात्र झालेच नाही, कारण कुकरची रिंग जळगावला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकत राहिली होती. कुकर आणला होता, झाकण आणले होते, शिट्टी तर वाटेत हरवू नये म्हणून रुमालाच्या गाठीत बांधून आणली होती. यंदा पुन्हा जायचे ठरते आहे, म्हणून तयारी लिहून काढतो आणि पहिली नोंद अर्थातच रिंगेची करतो: कुकर धुतल्यावर रिंग वाळवण्यासाठी वेगळी टांगू नये, ती पुसून तत्काळ झाकणात बसवावी आणि झाकण लावलेलाच कुकर पिशवीत घालावा.

रिंगेवाचून एवढे काय अडते, साध्या पातेल्यात डाळ शिजत नाही का, असे आमच्यातही काहींनी विचारले होते. घरी शिजते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी साधारण ९६ अंशांनाच उकळू लागते, आणि एकदा उकळू लागल्यावर खाली कितीही जाळ घातला तरी ते त्याहून तापत नाही, फक्त आटत जाते. कुकरात वाफ कोंडली जात असल्यामुळे तेच पाणी १२० अंशांच्या जवळपास पोहोचते आणि डाळ वीस मिनिटांत मेण होते. त्यात आम्ही डाळीला बोअरचे जड पाणी घेतले, ज्यातले क्षार डाळ मऊ होऊ देत नाहीत. आणि शिजायला वेळ लागतो आहे म्हणून अधीर होऊन मी चिंचेचा कोळही अगोदरच ओतला, तेव्हा उरलीसुरली आशाही संपली, कारण आंबट पडले की डाळ अडून बसते. तीन तासांनी वर पिवळे पाणी आणि खाली मोजून घ्यावेत असे डाळीचे दाणे, असा देखावा होता. आमच्या तात्यांनी झाकणावर दगड ठेवून पाहिला, नंतर बट्टीचीच कणीक झाकणाच्या कडेने लिंपली. हा दुसरा प्रयोग कोणीही करू नये. कणीक एका बाजूने सुटली आणि वाफेचा फवारा तात्यांच्या मनगटावरून गेला. थोडक्यात निभावले, एवढेच.

जादा रिंग घ्यावी हे खरे, परंतु ती त्याच कुकरची असावी. पाच लिटरच्या कुकराची रिंग तीन लिटरच्या झाकणाला बसत नाही आणि एकाच मापाच्या दोन बनावटींच्या रिंगाही एकमेकींना चालतील असे नाही. म्हणून दुकानात जाताना जुनी रिंग, शक्यतो झाकणही, सोबत न्यावे. शहादा सोडल्यानंतर घाटात ती मिळेल अशा भरवशावर राहू नये.

आता दळण. ते निघण्याच्या दोन दिवस आधी आणावे, आठवडाभर आधी नव्हे. बट्टीसाठी गव्हात थोडा मका मिसळून रवाळ दळून घ्यावे आणि गिरणीत तसे स्पष्ट सांगावे, कारण न सांगता ठेवलेला डबा पोळीच्या पिठासारखा बारीक दळून परत येतो आणि त्या पिठाच्या बट्ट्या आतून चिकट राहतात. आठ माणसांना दीड किलो पीठ पुरते. थंडीत भूक वाढते म्हणून दोन किलो घ्यावे. ओवा, हळद, मीठ आणि मोहनाचे तेल घरीच पिठाला चोळून न्यावे, म्हणजे तेथे केवळ पाणी घालून घट्ट मळायचे राहते. दुसऱ्या दिवशीच्या भरिताबरोबरच्या भाकरीसाठी कळण्याचे पीठ लागते. आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद आणि खडे मीठ असे एकत्र दळतात. पिशवीवर 'मीठ घातले आहे' असे लिहून ठेवावे, नाहीतर भाकरी करणारी व्यक्ती बदलली की मीठ दोनदा पडते. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापतानाच फाटते, म्हणून दळण ताजेच असावे.

तूरडाळ अर्धा किलो, यंदाची. वर्षभर डब्यात पडलेली डाळ कुकरातही वेळ खाते. डाळ शिजवण्यासाठी आणि चहासाठी घरचे गोडे पाणी दहा लिटरच्या दोन कॅनमध्ये न्यावे. भांड्यांसाठी तेथले चालते.

मसाल्याची सारी वाटणे घरी व्हावीत. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, पाट्यावर वाटण करण्याची हौस पहिल्या पाच मिनिटांत फिटते. कांदा आणि सुके खोबरे निखाऱ्यावर काळपट भाजून, लसूण-आले घालून वाटावे, मग ते वाटण तेलात पाण्याचा अंश उडेपर्यंत परतावे, त्यात काळा मसाला घालून गार झाल्यावर कोरड्या बरणीत भरावे. थंडीच्या दिवसांत दोन दिवस ते निर्धोक राहते. या एका बरणीवर शेवभाजीचा रस्सा होतो आणि ऐनवेळी पाहुणा आला तरी पुरतो. भाजीची जाड तिखट शेव वेगळ्या डब्यात न्यावी आणि रस्सा ताटात वाढायच्या क्षणीच घालावी; पातेल्यात आधी टाकून ठेवली की तिचे पिठले होते. शेवभाजीला कुकर लागत नाही, ही तिची मोठी थोरवी. गेल्या वेळी शेवेचा डबा आणला असता तर वरणावाचून अडले नसते, परंतु तो डबा आपण वरण करणारच आहोत या तोऱ्यात मागे ठेवला होता.

भरितासाठी जळगाव भागातली मोठी, फिकट हिरवी वांगीच घ्यावीत. या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून येथल्या माणसाला जांभळ्या वांग्याचे भरीत पटलेले नाही. वांगी हलकी आणि तुकतुकीत पाहून निवडावीत. जड वांग्यात बिया असतात. माणशी पाव किलो हे शहरी प्रमाण झाले, शेतात त्याच्या दुप्पट धरावे. ती सर्वांत वर, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवावीत. मिरच्या, लसूण, शेंगदाणे, सुके खोबरे, कोथिंबीर, कांद्याची पात: हे सर्वांना ठाऊक आहे. घरी बडगी, म्हणजे ठेचण्याचे लाकडी भांडे, असेल तर न्यावी. वांगी आणि मिरच्या लाकडात ठेचल्या की जी चव येते ती मिक्सरला कधी आली नाही, आणि तेथे मिक्सर नाहीच.

जळणाच्या बाबतीत जंगलावर अवलंबून राहू नये. आम्ही परिचिताच्या शेतात होतो म्हणून चूल मांडता आली. राखीव वनात किंवा पाटणादेवी, पाल यांसारख्या अभयारण्याच्या परिसरात वनखात्याला विचारल्याशिवाय काडीही ओढू नये आणि नकार मिळाला तर गॅसच्या शेगडीवर जे होईल त्यात समाधान मानावे. वांगी भाजण्यासाठी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांची, एक मोळी पुरे. कापूस वेचून झालेल्या शेतात ती पौष-माघात सहज मिळते, तिचा जाळ भडकून येतो आणि वांग्याची साल पटकन करपून आतला गर शिजतो. बट्टीला मात्र गोवऱ्याच हव्यात, तीस-पस्तीस तरी, आणि त्या प्लॅस्टिकच्या पोत्यात तोंड बांधून न्याव्यात. तोरणमाळचे दव इतके असते की उघड्यावर ठेवलेल्या गोवऱ्या पहाटेपर्यंत ओल्या होतात, आणि ओल्या गोवरीच्या धुराची चव बट्टीला लागली की तूप ओतूनही जात नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री सामान पिशव्यांत भरावे. मीठ, साखर, चहा, काडेपेटी यांचे काय सांगायचे. सांडशी आणि लांब चिमटा हवा. परात एकच, पण मोठी न्यावी. राख झटकण्यासाठी जुने जाडेभरडे धोतर किंवा गोणपाटाचा तुकडा घ्यावा, कारण बट्ट्या हाताने झटकायला गेल्यास बोटे भाजतात. तूप किमान एक किलो, आणि ते बरणीत नव्हे, स्टीलच्या रुंद तोंडाच्या डब्यात घ्यावे, कारण त्या थंडीत ते दगडासारखे थिजते आणि डबा सरळ निखाऱ्याशेजारी ठेवता येतो. मग कुकर उघडून पाहावा. झाकण उलटे करावे, रिंग आहे का ते पाहावे, बोटाने गोल फिरवून तिला चीर गेलेली नाही हेही पाहावे. आमच्या घरी हे काम ज्याचे त्याने दुसऱ्यावर सोपवले होते, बायकोला वाटले मी पाहिले आणि मला वाटले तिने. तेव्हा ज्याच्या हातात कुकर तोच रिंगेला जबाबदार, असे आधीच ठरवून टाकावे. सकाळी गाडी निघण्यापूर्वी पुन्हा पाहावे. हसतील ते हसोत.

पोहोचल्यावर उजेड असेपर्यंत तीन गोष्टी उरकाव्यात: चूल वाऱ्याकडे पाठ करून मांडणे, कणीक मळून झाकून ठेवणे, डाळ धुऊन भिजत घालणे. गोवऱ्या रचून पेटवाव्यात आणि धूर पूर्ण जाऊन लाल निखारा होईपर्यंत थांबावे; अर्धवट जळालेल्या गोवरीवर बट्टी ठेवण्याची घाई सर्वांनाच होते आणि सर्वांचीच बट्टी बाहेरून काळी, आतून कच्ची निघते. निखारे पसरून बट्ट्या मांडाव्यात, पालटत राहावे, चहूकडून तांबूस झाल्या की गरम राखेत पुरून अर्धा तास विसरावे. त्या वेळात वरण करावे: डाळ, हळद, हिंग, गोडे पाणी, कुकर अर्ध्याहून अधिक भरायचा नाही, चार-पाच शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्यावी, शिट्टी उचलून घाई करू नये. घोटून झाल्यावर फोडणी, आणि चिंच फोडणीनंतर. बट्ट्या झटकून, फोडून, तुपात बुडवून वाढाव्यात.

दुसऱ्या दिवशीचे भरीत दुपारीच करावे. वांग्याला तेलाचा हात लावून दोन-तीन ठिकाणी टोचावे म्हणजे ते फुटत नाही, भाजल्यावर सोलून मिरच्यांबरोबर ठेचावे, बाकी घरच्यासारखेच. कळण्याची भाकरी गरम पाण्याने मळावी. रात्री शेवभाजी.

निघताना आगीवर पाणी ओतून, राख हाताला गार लागेपर्यंत उलथून पाहावी. कचरा सोबत आणावा. भांडी यशवंत तलावात धुऊ नयेत. राखेने घासून बोअरच्या पाण्याने विसळावीत. कुकर धुतल्यावर रिंग झाकणात घालावी, शेजारच्या फांदीवर वाळत टाकू नये.