सहा भागांचं कॅम्पेन विकत घेताय? या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "दादा, सहाच्या सहा भाग घेतले, आता सुरुवात कुठून करू?" घ्यायच्या आधी विचारलं असतंस तर, पण नाही, आधी सेल दिसतो, मग अक्कल. रोलप्लेइंग म्हणजे टेबलाभोवती बसून, डाइस टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायची, आणि कॅम्पेन म्हणजे तशी लांबलचक गोष्ट, एकेक भाग एकेका पुस्तकात. इंदूरात हे खेळणारे आपण मराठी लोक तसे मोजकेच, आणि चुका सगळ्यांच्या त्याच त्या, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुढचे भाग न वाचता पहिला भाग चालू करणं, आणि हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. जीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, म्हणतो की मीही प्लेअरांबरोबर हळूहळू गोष्ट उलगडत जाईन, मजा येईल. अरे बाबा, मजा करायला प्लेअर आहेत, तुला पुढचं माहीत असलं पाहिजे. अशा कॅम्पेनांत बहुतेक वेळा एकेक भाग वेगवेगळ्या लेखकाकडे असतो. पाचव्या भागातला महत्त्वाचा माणूस पहिल्या भागात असतो का? असला तर एका ओळीत, तीही कुठल्या तरी दुकानाच्या वर्णनात दडलेली.

राजवाड्याजवळ एका मित्राकडे रविवारी टेबल बसायचं, मी तिथे प्लेअर होतो. कॅम्पेनचं नाव सांगत नाही, कुणी खेळत असेल तर उगाच स्पॉइलर नको. दुसऱ्या भागात एक म्हातारा सावकार येतो, एकदम कटकट्या, पार्टीला, म्हणजे आमच्या पात्रांच्या टोळीला, पैसे देतो आणि मग व्याजासाठी पिच्छा पुरवतो. पुस्तकात त्याला जेमतेम अर्धं पान. आमच्या रोगचं, म्हणजे चोराचं पात्र घेतलेल्याचं, डोकं फिरलं, रात्री खिडकीतून आत शिरून त्याने सावकाराला संपवायचं ठरवलं, जीएम म्हणाला टाक डाइस, आला नॅचरल वीस, डाइसवरचा सगळ्यात मोठा आकडा. टेबलावर नुसता दंगा, नंतर सराफ्यात भुट्ट्याचा कीस खातानाही तोच विषय. पुढे जीएमने पाचवा भाग उघडला तर हा सावकार निघाला व्हिलनचा सख्खा भाऊ, आणि किल्ल्यात शिरायची चोरवाट त्या एकट्यालाच माहीत. मग काय, जुळा भाऊ आणला. सगळे इतके हसले की त्यानंतर कुठल्याच एनपीसीला, म्हणजे जीएम चालवतो त्या पात्राला, कुणी सीरियसली घेईना, नवीन माणूस आला की रोगवाला विचारायचा, "हाही जुळा का रे?" दिवाळीला सुट्टी घेतली ती घेतलीच, कॅम्पेन तिथेच राहिलं.

आता सावकाराला मारला ही चूक नव्हे. प्लेअर मारणारच, त्यांना दुसरं काम काय. जीएमला माहीत असतं तर त्याच रात्री मुनीमाने दार उघडलं असतं, किंवा तिजोरीत भावाची पत्रं सापडली असती, आणि पाचवा भाग उलट आणखी रंगला असता.

माझी सवय अशी की शेवटचा भाग आधी वाचायचा, मग पहिला, मग मधले. वाचताना वहीच्या मागच्या पानावर फक्त नावं लिहायची, कोण कुठल्या भागात येतो आणि परत कुठे. जे नाव दोन भागांत दिसलं त्याला पहिल्या भागात काहीतरी काम द्यायचं, मग धर्मशाळेत पडलेला दारुडा म्हणून का होईना. आणि शेवटच्या व्हिलनचं नाव पार्टी दुसऱ्या लेव्हलवर असतानाच कानावर पडलं पाहिजे, नाहीतर शेवटी हा कोण उपटला असं होतं. पहिल्या भागात पुष्कळदा पूर्ण कॅम्पेनचा गोषवारा दिलेला असतो, तेवढ्यावर भागवणारे आहेत. भागत नाही. आणि यूट्यूबवर वीस मिनिटांत सगळं कॅम्पेन समजून घेणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही, त्यांना पोहे पण दोन मिनिटांत हवे असतात.

म्हणून विकत घेताना पहिला आणि शेवटचा भाग पीडीएफमध्ये घ्या, एवढंच. बाकीचे जवळ आल्यावर. पीडीएफ सहसा संपत नाही, छापील प्रत मात्र संपते आणि मग सेकंडहँडवाले मनाला येईल तो भाव लावतात. कागदावरच हवं असेल तर सेट पूर्ण मिळतोय का ते आधी बघा, एक-तीन-चार स्वस्तात मिळाले म्हणून उचलू नका, दोन नंबर शोधण्यात जीव जातो. परदेशातून मागवलंत तर २०१९ च्या बजेटपासून छापील पुस्तकांवर ५ टक्के कस्टम ड्युटी लागली, पण खरा खड्डा तिथे नाही, तो कुरिअरच्या खर्चात. सहा पातळ पुस्तकं वेगवेगळी मागवणाऱ्याला तर मी हात जोडतो.

दुसरी माझी आवडती चूक, एडिशन न बघता घेणं. नाव तेच, कव्हरवरचं ड्रॅगन तेच, नियम मात्र वेगळे. पाथफाइंडर या खेळाचंच घ्या. राइज ऑफ द रूनलॉर्ड्स २००७ मध्ये सहा भागांत आलं तेव्हा ते डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) या दुसऱ्या खेळाच्या ३.५ आवृत्तीच्या नियमांवर होतं, पाथफाइंडरचे स्वतःचे नियम २००९ मध्ये आले, आणि त्या नियमांवर बसवलेलं एकत्र पुस्तक २०१२ मध्ये. किंगमेकर २०१० मध्ये सहा भागांत फर्स्ट एडिशनसाठी, आणि २०२२ मध्ये सेकंड एडिशनसाठी ६४० पानांचा एकच ठोकळा. आता कुणी बंडलमध्ये जुने सहा भाग स्वस्तात घेतो आणि टेबलावर सेकंड एडिशन उघडून बसतो. म्हणतो, "करून घेऊ कन्व्हर्ट." करून घेऊ म्हणजे काय रे? प्रत्येक मॉन्स्टर, प्रत्येक डीसी (डाइसवर गाठायचा आकडा), प्रत्येक खजिना बघावा लागतो. पहिल्या भागापुरता उत्साह टिकतो, दुसऱ्या भागात जीएम रात्री एक वाजता ऑफिसच्या लॅपटॉपवर ऑगर राक्षसाचा एसी, म्हणजे त्याला वार लागायला किती आकडा हवा ते, काढत बसलेला असतो. पैसे देण्याआधी मागचं कव्हर वाचा, तिथे लिहिलेलं असतं.

नवीन असाल तर सहा भागांच्या वाटेला जाऊच नका. पाथफाइंडरचंच अबोमिनेशन व्हॉल्ट्स (२०२१) तीन भागांत पहिल्या लेव्हलपासून दहापर्यंत जातं, तेवढं आधी संपवून दाखवा. आपल्याकडे वर्षात खेळायचे रविवार असतात किती? रंगपंचमीची गेर, मग लग्नं, मग गणपती, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या रात्री तर कुणी येणारच नाही, मग नवरात्र आणि दिवाळी. सहा भागांना दीड-दोन वर्षं सहज जातात आणि तेवढ्यात एकाची पुण्याला बदली होते.

जास्त प्लेअर असण्याची अडचण वेगळीच. ही पुस्तकं बहुतेक चार कॅरेक्टरांसाठी लिहिलेली असतात, आपल्याकडे आत्तेभावाला नाही म्हणता येत नाही म्हणून सहा बसतात. लोक मग मॉन्स्टरचे हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार खाऊ शकतो ते, दुप्पट करतात आणि एकेक फाइट जेवायच्या वेळेपर्यंत ओढतात. तसं नका करू. पाथफाइंडरच्या सेकंड एडिशनमध्ये मॉडरेट, म्हणजे मध्यम, फाइटचं बजेट चौघांना ८० एक्सपी (अनुभवाचे गुण) आहे, वरच्या प्रत्येक माणसामागे २० वाढवायचे. म्हणजे सहा जणांना १२०. त्या चाळीसात दोन-तीन किरकोळ प्यादी घाला, कामं वाटली जातात.

मॅप सगळेच्या सगळे आधीच प्रिंट करू नका. खजूरी बाजारच्या बाजूला कलर प्रिंट काढायला गेलं की हात सुटतो, आणि अर्ध्या खोल्यांत पार्टी पाऊलही टाकत नाही. आणि प्रिंट काढण्याआधी मॅपवरचे नंबर आणि गुप्त दारं झाका. एकाने नाही झाकली, प्लेअरनेच बोट ठेवून विचारलं, "इथे एस लिहिलंय ते काय?"

चौकटीतला वाचून दाखवायचा मजकूर जसाच्या तसा वाचू नका. तिसऱ्या वाक्याला सगळे मोबाइलवर. तीन गोष्टी निवडा, एक वास, एक आवाज, एक हलणारी वस्तू, आणि आपल्या भाषेत सांगा.

प्लेअर्स गाइड बऱ्याचदा फुकट मिळतं. ते पाठवा आणि कॅरेक्टर त्यावरून बनवून घ्या, नाहीतर समुद्री कॅम्पेनात कुणीतरी वाळवंटातला उंटवाला घेऊन येतो.

आणि आधीच मधे अडकला असाल, पार्टी दोन लेव्हल मागे आणि पुढचा भाग डोक्यावर, तर हिशेब मांडत बसू नका. भाग कुठल्या लेव्हलला सुरू होतो ते त्यातच लिहिलेलं असतं, सरळ तेवढी लेव्हल देऊन टाका. प्लेअर तक्रार करत नाहीत, फक्त नवीन स्पेल निवडायला एक आठवडा द्या, टेबलावर निवडायला बसले तर तो रविवार गेलाच म्हणून समजा.