वारशात आलेली लष्करी रायफल युद्धकालीन रूपात परत कशी आणावी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेत सैन्याला नकोशा झालेल्या रायफली स्वस्तात विकल्या गेल्या. शिकारीला जाणाऱ्यांनी त्या घेतल्या आणि हलक्या करण्यासाठी पुढचे लाकूड कापले, नळीवरची लाकडी आच्छादने फेकून दिली, कधी नेम धरण्याची लष्करी साईट काढून दुर्बीण बसवली. अशा बदललेल्या रायफलीला ‘स्पोर्टर’ म्हणतात. त्यांत ली-एनफिल्ड नंबर ४, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीची रायफल, फार आढळते, म्हणून येथे तीच डोळ्यांसमोर ठेवली आहे.

रायफल हातात घेतल्यावर सर्वप्रथम मॅगझिन काढावे, बोल्ट मागे ओढून नळीचा कक्ष रिकामा असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, आणि वारशाने आलेल्या शस्त्राचा परवाना आपल्या नावावर झाला आहे का, हे कामाला हात घालण्यापूर्वी पाहावे.

त्यानंतर रायफल मूळ रूपात परत येऊ शकते की नाही, हे ठरवायचे असते. नंबर ४ची मूळ नळी सुमारे ६४० मिलिमीटर लांब असते आणि तिच्या तोंडाशी संगीन अडकवण्याच्या छोट्या खुंट्या असतात. नळी पूर्ण लांबीची असून खुंट्या शाबूत असतील, तर हानी बहुधा लाकडापुरतीच आहे आणि काम करण्याजोगे आहे. नळी कापली असेल तर ती बदलावी लागते, तो खर्च मोठा असतो आणि ते काम घरी करायचे नाही. रिसिव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या मुख्य भागाला, दुर्बिणीसाठी भोके पाडली असतील तर ती बुजवली तरी खूण राहतेच. अशी रायफल, किंवा एखाद्या नामांकित कारखान्याने मन लावून घडवलेली स्पोर्टर, आहे तशीच जपणे मला अधिक योग्य वाटते. आजोबांनी तिच्यावर केलेले कामसुद्धा तिच्या इतिहासाचाच भाग आहे.

काम करायचे ठरले, तर रायफल कोणत्या कारखान्यातली आणि कोणत्या वर्षाची आहे ते शोधावे. इंग्लंडमध्ये फॅझाकर्ली, माल्टबी आणि बीएसएच्या शर्ली कारखान्यात, कॅनडात लाँग ब्रँचला आणि अमेरिकेत सॅव्हेज कंपनीत ती बनली. सॅव्हेजच्या रायफलीवर ‘यूएस प्रॉपर्टी’ अशी अक्षरे असतात, तर शर्लीच्या रायफलीवर ‘एम ४७ सी’ हा सांकेतिक शिक्का दिसतो. लाकूड, ते नळीशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आणि मागची साईट शक्यतो त्याच कारखान्याची आणि त्याच काळातली मिळवावी. साईटमध्येही फरक आहे: काहींवर १,३०० यार्डांपर्यंत सरकणारी पाती असते, तर काहींवर घाईच्या काळातली, ३०० आणि ६०० यार्डांची उलटवायची साधी साईट.

सुटे भाग काढताना पुढचे लाकूड आधी आणि दस्ता नंतर, हा क्रम मोडू नये. जुन्या, नंबर १ जातीच्या ली-एनफिल्डमध्ये दस्ता जोडणाऱ्या लांब स्क्रू-बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेले असते आणि तो आधी फिरवला तर लाकूड चिरते; हीच सवय नंबर ४लाही लावून घ्यावी.

सर्वांत जास्त वेळ नवे पुढचे लाकूड बसवायला लागतो आणि तो द्यावाच. चापाच्या वरच्या बाजूला, रिसिव्हरला मागून टेकणारे लाकडाचे दोन पृष्ठभाग गच्च बसले पाहिजेत. तिथे फट राहिली तर प्रत्येक गोळीचा धक्का लाकडाच्या मागच्या टोकावर बसतो आणि ते उभे फाटते. धातूला मेणबत्तीची काजळी लावून लाकूड जागेवर दाबावे आणि पुन्हा काढावे. काळे डाग जिथे उमटले तिथेच स्पर्श होतो, हे लगेच दिसते. उंच भाग पातळ पटाशीने केसाएवढाच खरवडावा, आणि फट असेल तिथे कठीण लाकडाची चकती चिकटवून ती हळूहळू घासून बसवावी. नळीच्या तोंडाशी लाकडाने तिला खालून किंचित वर रेटले पाहिजे.

नंबर ४च्या युद्धकाळातल्या मार्क १ या प्रकारात चाप रिसिव्हरला नसून चापाभोवतीच्या संरक्षक कड्याला टांगलेला असतो. त्यामुळे लाकूड बदलले की चापाचा ओढाही बदलतो. तो दोन टप्प्यांत नीट येतो की नाही हे पाहावे, आणि येत नसेल तर चापाला कानस न लावता रायफल गनस्मिथकडे न्यावी.

दस्ता बहुधा मूळचाच असतो, फक्त चकचकीत वॉर्निशखाली दडलेला. त्याला सँडपेपर लावू नये, कारण निरीक्षकांचे शिक्के त्यातच पुसले जातात. वॉर्निश रसायनाने मऊ करून कापडाने काढावे, पोचे ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरवून उचलावेत आणि मग कच्च्या जवस तेलाचे पातळ हात दिवसांच्या अंतराने द्यावेत. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात. त्या मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात.

धातूवर दाट काळा रंग मारण्याचा मोह टाळावा. तसा रंग युद्धानंतरच्या दुरुस्तीत जास्त दिसतो. गंज तेल आणि बारीक स्टील वूलने हलक्या हाताने काढावा आणि झिजलेला मूळ थर तसाच राहू द्यावा.

गोळी झाडण्यापूर्वी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि काडतुसाची कड जिथे टेकते ती जागा यांतले अंतर, तपासून घेणे अनिवार्य आहे. नंबर ४च्या बोल्टचे डोके ० ते ३ अशा क्रमांकांत येते आणि अंतर वाढले असेल तर पुढच्या क्रमांकाचे डोके लावता येते. ०.०७४ इंचाच्या फील्ड गेजवर, म्हणजे कमाल अंतर तपासण्याच्या मापकावर, बोल्ट बंद होत असेल तर त्या रायफलीतून गोळी झाडू नये. बोल्टवरचा क्रमांक रिसिव्हरशी जुळत नसेल, तर ही तपासणी अधिकच गरजेची आहे. क्रमांक जुळवण्यासाठी नवे आकडे मात्र ठोकू नयेत: ती बनावट ठरते, आणि अनेक ठिकाणी गुन्हाही.

काढलेला प्रत्येक भाग, कापलेले लाकूड आणि दुर्बिणीचे माउंटसुद्धा, रायफलीचा क्रमांक लिहिलेल्या पेटीत ठेवावा, आणि कोणता भाग कधी व कुठून आणून बसवला याची चिठ्ठी त्याच पेटीत घालावी.