जबाब लिहून घेताना तिच्या शेजारी बसाल तेव्हा

बहीण, मैत्रीण किंवा शेजारची मुलगी "बलात्काराची तक्रार द्यायची आहे, माझ्यासोबत पोलीस ठाण्यात येशील का" असं विचारते, तेव्हा आपण हो म्हणतो, पण तिथं जाऊन करायचं काय हे ठाऊक नसतं. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-वडसा भागात हेच काम करते. माझ्या मते सोबत जाणाऱ्या बाईनं एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. "तू विरोध का केला नाहीस" हा प्रश्न "तुझी संमती होती का" या प्रश्नाची जागा घेता कामा नये.

या अदलाबदलीची किंमत आमच्याच गावात मोजली गेली. 1972 साली इथल्या पोलीस ठाण्यातच आपल्यावर बलात्कार झाल्याची तक्रार एका आदिवासी मुलीनं दोन पोलिसांविरुद्ध केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना शिक्षा दिली, पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, तेव्हा संमती असणार, असा तो हिशेब. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये सरळ लिहिलंय की संमती म्हणजे त्या विशिष्ट कृत्यासाठी शब्दांनी, खुणांनी किंवा वागण्यातून दिलेला स्पष्ट, स्वेच्छेचा होकार. अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही. म्हणजे ती त्याच्या गाडीवर बसली, त्याच्याशी रात्री बोलत होती, पूर्वी संबंध होते, यातलं काहीही त्या दिवसाचा होकार ठरत नाही. मुलगी 18 वर्षांच्या आतली असेल तर संमतीचा प्रश्नच उरत नाही, तिथं पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो.

आता ठाण्यात. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी शून्य क्रमांकानं (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवावाच लागतो, आणि माहिती महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते. नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्याच कलम 199 खाली शिक्षा होऊ शकते. शांतपणे एवढं सांगितलं तरी बरेचदा काम पुढं सरकतं. नाहीच सरकलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा.

सगळ्यात जास्त वेळ जबाबाला द्या. ती सांगते, "त्यानं तोंड दाबलं, माझे हातपाय गळाले, म्हणून मला ओरडता आलं नाही." कागदावर उतरतं, "मी आरडाओरडा केला नाही." पुढं कोर्टात हेच अर्धं वाक्य तिच्यासमोर नाचवलं जातं. म्हणून सही करण्याआधी जबाब तिला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. भीती, धमकी, दारू पाजणं, "नको" म्हणणं, हात झटकणं, सगळं तिच्या शब्दांत आलंय का ते तिनं बघावं. तिच्या वतीनं तुम्ही बोलू नका. ती रडत असेल तर तिला पाणी द्या आणि थांबा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका.

दवाखान्यात मात्र ठाण्याच्या आधीही जाता येतं. सरकारी असो वा खाजगी, पहिला उपचार मोफत आणि ताबडतोब करावाच लागतो. गर्भ राहू नये म्हणूनच्या आणि एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, त्या मागून घ्या. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. आंघोळ झाली असली तरी जा. तपासणी तिच्या संमतीनंच होते, आणि तिनं ती नाकारली तरी उपचार नाकारता येत नाहीत. दोन बोटांची चाचणी, म्हणजे बाईला संबंधांची सवय आहे का हे योनीत बोटं घालून बघणं, हे गैरवर्तन आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये बजावलंय. कोणी तयारी करताना दिसलं तर तिथंच थांबवा.

जबरदस्ती नवऱ्यानं केली असेल तर खोटी आशा देऊ नका. बायको 18 वर्षांवरची असेल तर कायदा त्याला बलात्कार म्हणत नाही. मला हा अन्याय वाटतो, पण आज कायदा असाच आहे. तिच्यासाठी क्रूरतेचं कलम 85 आणि 2005 चा घरगुती हिंसाचार कायदा आहे. त्यात लैंगिक छळही येतो.

कोर्टात सुनावणी बंद दालनात होते. संमती होती हे दाखवण्यासाठी तिच्या चारित्र्यावर किंवा पूर्वीच्या संबंधांवर उलटतपासणीत प्रश्न विचारता येत नाहीत. असा प्रश्न आलाच तर सरकारी वकिलांनी तिथल्या तिथं हरकत घ्यावी, हे त्यांच्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. तिला स्वतःचा वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तो मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मनोधैर्य योजनेच्या अर्थसाहाय्याचंही तिथंच विचारा.

आणि तिचं नाव, फोटो, गाव, शाळा काहीही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, "न्याय द्या" म्हणूनसुद्धा नाही. कलम 72 खाली त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणी टाकलंच तर त्याला फोन करून लगेच काढायला लावा.