डिझेल गाडीचं ऑइल बघताना या चुका टाळा

ऑइल कमी पडेल याची धास्ती सगळ्यांनाच असते. जास्त झालेलं मात्र कुणाला खुपत नाही. उलट ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) वरपर्यंत भिजलेली दिसली की ‘टाकी फुल्ल’ म्हणून समाधान. डिझेल इंजिनाला हे समाधान महाग पडतं.

पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक कारना साधारण एक लिटर ऑइल मावतं. पातळी मधोमध असताना लिटरचा डबा उपडा केला, की ती वरची खूण ओलांडणारच. मग क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, ऑइलात बुडून फिरतो, ऑइल घुसळून फेसाळतं, ऑइलचा दाब कमी होतो आणि बेअरिंगला वंगण पोचत नाही. टर्बोच्या गाडीत जादा ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, हवेच्या पाइपात शिरतं. फारच झालं तर इंजिन तेच ऑइल जाळत सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. म्हणून पाव पाव लिटर ओता, उतरायला वेळ द्या, परत पट्टी बघा. जादा झालेलं मेस्त्रीकडून काढून घ्या. ‘जळून जाईल की हो’ हा सल्ला ऐकायचा नाही.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे थेंबभर न ओतता चढलेली पातळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम आले आणि डिझेल कारना काजळी अडवणारा फिल्टर लागला, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. रोजची फेरी बेळगावात टिळकवाडी ते खडेबाजार एवढीच असेल, तर हे काम अर्ध्यावर तुटतं आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलात उतरतं. ऑइल वाढतं, पण पातळ होतं. पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास आला आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल, तर ऑइल बदला. पुढं अधूनमधून गाडी हायवेला काढून संकेश्वरपर्यंत एका दमात चालवून आणा.

पट्टीवर दुधाच्या चहासारखं काही दिसलं आणि कूलंटही कमी होत असेल, तर गाडी सुरूच करू नका. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनात ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं सील, गेलेलं असू शकतं. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात नुसत्या झाकणाखाली थोडा पांढरट थर धरतो, तो बहुतेक वेळा वाफेचा असतो. काळ्या रंगाला मात्र घाबरू नका. डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं, ते काजळी धरून ठेवतं म्हणूनच.

चोर्ला घाटात चहाला थांबून उतारावरच बॉनेट उघडणारे पुष्कळ. तिथं पट्टी खोटंच बोलणार. गाडी सपाटीला लावा, गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून पूर्ण आत घाला आणि मग वाचा. काही गाड्यांच्या पुस्तकात थंड इंजिनावर बघा असं लिहिलेलं असतं. तिथं पुस्तकाचंच ऐका. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, टर्बोला मिनिटभर आयडलवर निवू द्या.

डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. तो पेटला की ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणत गाडी हाकू नका, तिथंच बंद करा.

आता ट्रॅक्टर. ऊस घेऊन कारखान्याच्या रांगेत उभा असताना इंजिन चालूच राहतं, पण किलोमीटर काही वाढत नाहीत. त्यामुळं ऑइल बदलायचा हिशेब तासांच्या मीटरवर धरा. हंगामात पट्टी रोज सकाळी, ट्रॉल्या जोडायच्या आधी बघा. धुळीच्या रस्त्यावर जुन्या ट्रॅक्टरचा ऑइलवाला एअर क्लीनरही त्याच वेळी उघडून बघा. त्यात गाळ साठू दिला तर धूळ आत शिरून रिंगा झिजतात आणि इंजिन ऑइल खायला लागतं. ट्रॅक्टरच्या ऑइलचा तोच डबा डीपीएफच्या कारला मात्र चालत नाही. तिला जळल्यावर कमी राख सोडणारं ऑइल लागतं, ग्रेड पुस्तकात बघून घ्या.