बंब उशिरा येतो, तर मिनिटं जातात कुठे?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणीकडच्या ग्रामपंचायतीच्या कुठल्याही सदस्याला आपल्या अग्निशमन ठाण्याचं काम कागदावर तपासता येतं. त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत लिहा. कर्नाटकच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. वर्षभरातल्या प्रत्येक वर्दीचं, म्हणजे ठाण्याला आलेल्या मदतीच्या खबरेचं, गाव आणि या चार क्षणांची वेळ मागा: वर्दी मिळाली, बंब निघाला, जागेवर पोचला, आग आटोक्यात आली.

मग वजाबाकी करा. वर्दी ते निघणं हा वेळ ठाण्याचा, निघणं ते पोचणं हा रस्त्याचा. दोन्ही एकत्र धरले तर चालकाची रिकामी जागा आणि खराब रस्ता यांत फरकच कळत नाही. विहिरीतून माणूस काढणं, पुरातली सुटका आणि खोट्या वर्द्या वेगळ्या मांडा.

सरासरीवर मात्र मुळीच विसंबू नका. समजा २० वर्द्यांपैकी १६ ठिकाणी बंब १० मिनिटांत पोचला आणि जंगलाकडच्या चार गावांना ४५ मिनिटं लागली. सरासरी येते १७. ग्रामीण भागासाठी २० मिनिटांचा निकष धरतात, म्हणजे कागदावर सगळं ठीक; त्या चार गावांत तोवर घर उरत नाही. म्हणून विसाच्या विसा वेळा चढत्या क्रमाने लावा आणि अठरावा आकडा बघा: दहातल्या नऊ वर्द्यांना जास्तीत जास्त किती वेळ लागला ते त्यातून कळतं, आणि इथे तो ४५ येतो.

नोंदवहीत न दिसणारा वेळही असतो. हद्दीवरच्या गावात मोबाईल महाराष्ट्राचा टॉवर पकडतो आणि ११२ या आणीबाणीच्या क्रमांकावरचा फोन तिकडच्या नियंत्रण कक्षात लागू शकतो. फोन करणाऱ्याच्या मोबाईलमधली वेळ नोंदवहीशी ताडून पाहा.

पाण्याचा हिशेब तर हमखास सुटतो. ४,५०० लिटरचा बंब मिनिटाला ४५० लिटर सोडणाऱ्या एका नळीवर १० मिनिटांत रिकामा होतो. पेटलेल्या उसाच्या फडाला तेवढं पुरत नाही. पुन्हा भरायची जागा किती लांब, तिथवर बंब जातो का, हे पाहा. विहिरीचं पाणी सात मीटरच्या खाली गेलं की पंपाला ओढणं अवघड होतं, त्यामुळे ही मोजणी पावसाळ्यात नको, मार्चमध्ये करा.

शेवटी सर्वांत उशीर झालेल्या गावापर्यंत ठाण्याला विनंती करून बंबाची एक चाचणी फेरी करवून घ्या. अरुंद पाणंद, लोंबती वीजतार, कच्ची मोरी जिथे आडवी येईल ती जागा नकाशावर टिपून यादी तालुका पंचायतीला द्या.