ईस्टर बनवताना फळाचा वास का येत नाही?

ईस्टर म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांपासून बनणारे संयुग; इथे बनतो तो इथिल ॲसेटेट. कोरड्या परीक्षानळीत 1 मिली निर्जल इथेनॉल आणि 1 मिली ग्लेशिअल (जवळपास पाणी नसलेले) ॲसेटिक आम्ल घ्या. शेवटी संहत सल्फ्युरिक आम्लाचे 4-5 थेंब, नळी हलवत एकेक करून सोडा. चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि शिक्षक शेजारी असावेत.

चंचुपात्रात पाणी साधारण 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, बर्नर बंद करा आणि मगच नळी त्यात ठेवा. इथेनॉल 78 अंशांना उकळते, ईस्टर 77 ला. दोन्हींची वाफ पेट घेते, म्हणून नळी थेट ज्योतीवर कधीही धरू नका. 5 ते 10 मिनिटे पुरतात.

आता बहुतेकांची चूक होते ती इथे: नळीच थेट हुंगतात. नाकात शिरतो तो उरलेल्या आम्लाचा झणका, कारण ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते आणि सुमारे एक तृतीयांश आम्ल तसेच राहते. मिश्रण 25 मिली सोडिअम बायकार्बोनेटच्या (खाण्याच्या सोड्याच्या) द्रावणात हळूहळू ओता. फेस येतो, आम्ल उदासीन होते आणि ईस्टर वर तरंगतो. हाताने हवा नाकाकडे ढकलून वास घ्या. गोडसर, फळासारखा येईल. काही नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये हाच इथिल ॲसेटेट असतो.

तरीही वास नाही? नळी ओली होती का, ते आधी पाहा. पाणी अभिक्रियेला मागे ढकलते. ग्लेशिअल आम्लाऐवजी व्हिनेगर वापरून प्रयोग फसतो तो याचमुळे, त्यात बहुतांश पाणीच असते. सल्फ्युरिक आम्ल उत्प्रेरक (अभिक्रियेचा वेग वाढवणारे) तर आहेच, शिवाय तयार होणारे पाणीही शोषून घेते.