मास्ट्रिख्टला एका सेमिस्टरसाठी जाताना: आधी सही, मग बॅग

पासपोर्ट, विमा, गरम कपडे, औषधं ही यादी घरचे करतीलच. खोली आजपासून शोधा. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांसाठी खोल्यांची मारामार आहे.

आता खरं काम. युरोपियन स्टडीजच्या बीएला एका सेमिस्टरसाठी जायचं तर 30 ईसीटीएसचे (म्हणजे युरोपातल्या क्रेडिटचे) विषय घ्यावे लागतात. तिथे एक ईसीटीएस म्हणजे 28 तासांचं काम, वाचन धरून. आपल्याकडे सेमिस्टर साधारण 20-22 क्रेडिटचं. म्हणजे तिथले 30 इथे किती धरणार, आणि कोणत्या पेपरऐवजी कोणता, हे आपल्या विभागाकडून लेखी घ्या. सही-शिक्क्यासकट. "जाऊन या, मग बघू" म्हणणारे सर तुम्ही परत याल तेव्हा विभागप्रमुख असतीलच असं नाही. मागच्या खेपेला गेलेल्यांचं नेमकं हेच राहिलं होतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर (तिथे कोणते विषय घेणार याचा लेखी करार) सह्या तीन: तुमची, तिथल्या विद्यापीठाची, आपल्या कॉलेजची. तिसरीच लटकते.

विषय नुसत्या नावावरून घेऊ नका. सेमिस्टरचे 8, 8 आणि 4 आठवड्यांचे तुकडे असतात. आवडते दोन विषय एकाच तुकड्यात, एकाच वेळेला येऊ शकतात. मग तिथे गेल्यावर विषय बदलावा लागतो. बदललात की नवीन कागद, पुन्हा तिन्ही सह्या, त्याच आठवड्यात. ईमेलवर "ओके" आलं म्हणजे सही झाली नाही.

वर्ग पीबीएल (प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग) पद्धतीचे. छोट्या गटात प्रश्न मांडायचा, घरून वाचून यायचं, पुढच्या बैठकीत बोलायचं. मान खाली घालून नोट्स उतरवण्याची सवय इथे नडते. निदान रोम 1957, मास्ट्रिख्ट 1992 आणि लिस्बन 2007 या करारांनी युरोपियन युनियनच्या (ईयू) वाटचालीत काय बदललं ते वाचून जा. युरोपियन कौन्सिल, कौन्सिल ऑफ द ईयू आणि कौन्सिल ऑफ युरोप यांत घोळ नको; शेवटची तर ईयूची संस्थाच नाही. ती स्ट्रासबर्गची, 46 देशांची.

व्हिसाचा अर्ज विद्यापीठच करतं, तुम्ही कागद द्यायचे आणि पैसे भरायचे. चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर पालिकेत नोंदणी करावी लागते आणि तिथे जन्मदाखला मागतात, अपोस्टिल केलेला (म्हणजे परदेशात चालेल असा सरकारी शिक्का मारलेला). दाखला नुसता मराठीत असेल तर भाषांतर लागेल. हे निघण्याआधीच उरका, नाहीतर आईबाबांना मंत्रालयाच्या खेपा.

तिथलं पहिलं सेमिस्टर जानेवारीअखेर संपतं, आपलं पुढचं त्याआधीच सुरू झालेलं असतं. हजेरीची सूट लेखी घ्या. फेरपरीक्षेची तारीख बघून मगच परतीचं तिकीट काढा.

गुण 10 पैकी, पास 5.5 ला, 8 म्हणजे फार छान, 10 जवळजवळ कुणाला देत नाहीत. सरळ दहाने गुणून टक्के काढले तर नुकसान तुमचं. रूपांतराचा नियमही त्याच कागदावर, त्याच सहीखाली.

निघताना: कोर्स मॅन्युअल उतरवून घ्या (नंतर लॉगिन बंद), ट्रान्सक्रिप्ट, पालिकेतून नाव कमी, सायकल विका. आणि बदललेल्या विषयांवरची ती तिसरी सही? आली का?